पोहोचवायला जाताना

आपल्याकडे उमराहला दोन माणसं निघतात आणि त्यांच्या मागे अर्धा मोहल्ला निघतो. खेड, महाड, म्हसळ्याहून रात्रीच सुटलेली ट्रॅव्हलर पहाटे सहारला येऊन उभी राहते. आत जाणारे दोघं, पोहोचवायला आलेले बारा. आखातात नोकरीला निघालेल्या मुलाच्या बाबतीतही तेच. या गर्दीची चेष्टा करायची नाही. जाणाऱ्याच्या गळ्यात पडून दुआची विनंती करणं, सलाम सांगणं, ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. 1995 पर्यंत मुंबईहून हाजी जहाजाने जात, तेव्हाही बंदरावर गर्दी व्हायचीच.

पण विमानतळावर आपली सोबत दाराशीच संपते. तिकीट आणि पासपोर्ट पाहिल्याशिवाय दारावरचा जवान कुणालाही आत सोडत नाही, मग तो मुलगा असो की जावई. आणि खरं अवघड असतं ते त्या दाराच्या पलीकडे. आपण सगळी शक्ती खर्च करतो ती अलीकडे.

आधी अलीकडचंच पाहू. आंतरराष्ट्रीय विमानं सहारच्या टर्मिनल 2 वरून सुटतात. 2014 साली सुरू झालेल्या या इमारतीत प्रस्थान सगळ्यात वर, चौथ्या मजल्यावर आहे. उड्डाणपुलासारख्या रस्त्याने गाडी थेट दारापर्यंत चढते, पण तिथे ती फक्त माणसं आणि सामान उतरवण्यापुरतीच थांबू शकते. मागून हॉर्न, पुढून शिट्टी. त्या घाईत हार घालणं, फोटो, रडणं सगळं एकदम चालतं, आणि औषधांची पिशवी सुनेच्या खांद्यावरच राहून जाते. ती लक्षात येईपर्यंत गाडी खाली गेलेली असते. त्यापेक्षा गाडी सरळ बहुमजली पार्किंगमध्ये घ्यावी. तासाप्रमाणे पैसे पडतात, ते स्वस्त नाहीत, म्हणून उगाच आठ तास आधी पोहोचू नये. पण तिथे ट्रॉली घेऊन सामान शांतपणे मोजता येतं आणि दुआही सावकाश करता येते. मग लिफ्टने वर.

तारखेचा घोटाळा मात्र नीट समजून घ्या, कारण त्यात विमान चुकतं. जेद्दाहकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची असतात. तिकिटावर 15 तारीख, पहाटे 2 असं असेल तर 14 ला दिवसा घरातून निघायचं असतं. आपण मगरिबनंतर पुढचा दिवस धरतो, गुरुवारच्या रात्रीला जुम्याची रात म्हणतो. विमान कंपनीची तारीख रात्री 12 ला बदलते. बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या सुमारे एक तास आधी बंद होतात, तेव्हा दाराशी तीन तास आधी असलेलं बरं. वयस्कर माणूस असेल तर चार.

आणखी एक गोष्ट नवी आहे. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटू लागली आहेत. कोकणातून येणाऱ्याला तो वाटेत आधी लागतो. तिकिटावर बीओएम लिहिलं असेल तर जुना मुंबई विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. एजंटने फोनवर काय सांगितलं यापेक्षा ही तीन अक्षरं पाहा.

सोबतीला येणाऱ्या सगळ्यांनी गाडीतच कोंबून बसायला हवं असंही नाही. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो 3 आरे ते कफ परेड पूर्ण धावते आणि टर्मिनल 2 चं स्टेशन तिच्यावर आहे. सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, दादरहून थेट जाता येतं. कोकण रेल्वेने ठाण्याला उतरलात तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो 1 ने मरोळ नाका, आणि तिथे गाडी बदलली की पुढचंच स्टेशन. टर्मिनल 1 चं स्टेशन वेगळं आहे, घाईत तिथे उतरू नका. रात्री उशिरा आणि भल्या पहाटे मेट्रो बंद असते आणि मोठ्या बॅगांसाठी ती सोयीची नाही. पण मुंबईतल्या खाला-मामूंना हातात नुसता डबा घेऊन भेटायला यायचं असेल तर याहून चांगलं काही नाही.

आता दाराच्या पलीकडचं. सामान देणं, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी आणि मग गेट. टर्मिनल 2 मध्ये हे चालणं एक किलोमीटरच्या वरही जाऊ शकतं, मध्ये रांगांत उभं राहणं वेगळं. घरात म्हणतात, "अम्मी चालतात की! बाजारात जाऊन येतात." बाजारात त्या मध्ये दोनदा बसतात, हे कुणी सांगत नाही. शिवाय व्हीलचेअर म्हणजे आजारपण, ही लाज असतेच. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका वृद्ध जोडप्याला एकच व्हीलचेअर मिळाली. पत्नी तिच्यात बसल्या, 80 वर्षांचे पती सोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनजवळ कोसळले. ते वाचले नाहीत. विमान कंपनीला नंतर 30 लाखांचा दंड झाला. मागणी दोघांसाठी केलेली असूनही हे घडलं. न मागणाऱ्याला ऐनवेळी काय मिळणार?

म्हणून तिकीट काढतानाच एजंटला सांगा, निदान 48 तास आधी तरी. दोन म्हातारी माणसं असतील तर दोन खुर्च्या. तिकिटावर ते लिहिलेलं आहे का पाहा: डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात पण लांब चालता येत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही. विमान मस्कत किंवा बहरीनला बदलायचं असेल तर प्रत्येक टप्प्यासाठी आणि परतीसाठीही ही नोंद हवी. "ग्रुपमध्ये सगळ्यांचं करून ठेवलंय" या उत्तरावर समाधान मानू नका. नाव घेऊन विचारा. आणि काउंटरवर पोहोचल्यावर पुन्हा आठवण द्यायची हे अम्मींना घरीच समजावून ठेवा, कारण तिथे तुम्ही नसणार.

त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत पासपोर्ट, औषधं, डॉक्टरची चिठ्ठी आणि एका कागदावर ग्रुपप्रमुखाचा, घरचा आणि तिथल्या मुक्कामाचा नंबर. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची नाही. पॉवर बँक हातातल्या सामानात, मोठ्या बॅगेत नको. लोणचं हातातल्या पिशवीतून काढून टाकायला लावतात. सुकं खोबरं तर बॅगेतूनही नेता येत नाही, ते आगीला लवकर धरतं. भाच्याला दुबईला वाटण पाठवायचं असेल तर खोबऱ्याशिवायचं पाठवा.

परतीच्या वेळी उलटं. विमान उतरल्यापासून माणूस बाहेर येईपर्यंत तास-दीड तास सहज जातो, झमझमचं खोकं पट्ट्यावर वेगळं शोधावं लागतं. विमान टेकलं की पार्किंगचे पैसे भरू लागण्याची गरज नाही. बॅगा मिळाल्याचा फोन आला की गाडी आत घ्या. ॲपवरून टॅक्सी बोलावली तर ती आगमनाच्या दाराशी येत नाही, पार्किंगमधल्या ठरलेल्या जागी मिळते. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला ती जागा आधीच सांगावी, नाहीतर तो दाराबाहेर उतरवून परत जातो.

आणि गाडीचा चालक. तो आदल्या रात्रीपासून जागा असतो आणि परत पाच-सहा तासांचा महामार्ग त्यालाच कापायचा असतो. पार्किंगमध्ये थांबलेले ते तास त्याला झोपू द्या; मुलांना गाडीत चढू-उतरू देऊ नका, चहा उठल्यावर द्या.