पंचांचा रक्तदाब

कबड्डीचे पंच असलेले माझे एक रुग्ण, वय 62, सामन्याच्या रात्री झोपत नसत. प्रशिक्षकाची शिवीगाळ मैदानावर निमूट गिळायची आणि घरी येताच रक्तदाब मोजायचा, हा त्यांचा क्रम. (मोजण्यापूर्वी 5 मिनिटे शांत बसावे, हेही विसरत.) गोळ्या चालू ठेवा, पण खिशातील हिरवे कार्डही वापरा, असे मी त्यांना सुचविले. पहिल्याच अपशब्दाला, दीर्घ श्वास सोडून, आवाज न चढविता ताकीद द्यावी. पुन्हा घडल्यास पिवळे, मग लाल. वाद घालू नये. उच्चारलेले शब्द अहवालात जसेच्या तसे लिहावेत. घरच्यांनी ‘या वयात कशाला जाता?’ असे न विचारता ऐकून घ्यावे. छातीत दडपण वा घाम जाणवल्यास मात्र शिट्टी सहकाऱ्याकडे देऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.