वरची खाट

जून महिन्यांत वसतिगृहें उघडतात, त्या दिवशीं आवारांत पालकांची गर्दी होते. कोणी जिंतुराहून आलेले असतात, कोणी गंगाखेडाहून, कोणी पालम-सोनपेठच्या बाजूनें. हातांत पत्र्याची पेटी, खांद्यावर वळकटी आणि मागें बुजलेलें मूल. जेवण कसें असतें, गणिताला कोण आहेत, फीचा दुसरा हप्ता कधीं, हे प्रश्न सर्वजण विचारतात. परंतु मुलाची गादी उचलून खालची फळी हलवून पाहणारे पालक इतक्या वर्षांत आम्हांस फारसे भेटले नाहींत. एकदां आम्हींच एका शेतकरी गृहस्थांस म्हटलें कीं, आलांच आहां तर मुलाची खाटही पाहून जा. ते हंसून म्हणाले, "तिला काय पाहायचं, सर? पोरगं टेकलं की झोपतंय." बोलणें खोटें नव्हतें. दिवसभर हुंदडलेलें मूल दगडावरही झोंपेल. नेमक्या ह्याच कारणास्तव खाटेची परीक्षा त्याच्यावर सोपवितां येत नाहीं.

आमच्या लेखाचा विषय दुमजली खाट हा आहे. दुकानदार तिला 'बंक बेड' म्हणतात आणि आतां मुलेंही तेंच म्हणतात. पूर्वीं ती आमच्या भागांत बहुधा वसतिगृहांतच दिसे. आतां परभणी शहराच्या नव्या वसाहतींत, दोन खोल्यांच्या घरांत दोन मुलें असलीं कीं, अशी खाट घ्यावी कीं काय हा विचार निघतो, आणि पालक आम्हांसही विचारतात. त्यांस आम्ही प्रथम एवढेंच सांगतों कीं, मूल जमिनीवरून उचलून खाटेवर निजविणें हें केव्हांही चांगलें. वरच्या मजल्याचा प्रश्न मागाहून.

जमिनीविषयीं आम्ही इतक्या आग्रहानें कां बोलतों, तें परभणीकरांस फोडून सांगावयास नको. आमची माती काळी, कापसाची. उन्हाळ्यांत तिला हात-हात खोल भेगा पडतात, आणि मृगाचें पाणी त्या भेगांत उतरलें कीं आंतले रहिवासी घरांकडे वळतात. त्यांत मण्यार सर्वांत फसवा. तो रात्रीं हिंडतो, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत शिरतो, आणि त्याचा दंश बहुधा फारसा दुखत नाहीं, सुजतही नाहीं. मूल पहांटे पोट दुखतें म्हणून उठतें. पापण्या जड होतात, जीभ अडखळते. आणि घरचीं माणसें अपचन समजून ओवा देत बसतात. (अशा वेळीं तडक सरकारी दवाखाना गांठावा. सर्पविषावरील औषध तेथेंच आहे, मांत्रिकाच्या ओट्यावर नाहीं.) भारतांत २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, असा अंदाज शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केला आहे. नेपाळच्या आग्नेय भागांतील खेड्यांची एक पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. मच्छरदाणींत निजणारांस सर्पदंशापासून मोठें संरक्षण मिळतें, असें तींत आढळलें. एक साधी खाट, आणि गादीखालीं चारी बाजूंनीं खोंचलेली मच्छरदाणी, एवढ्या दोन वस्तु आम्ही कोणत्याही शिकवणीच्या फीपूर्वीं घ्यावयास सांगूं.

परंतु मूल जमिनीवरून उचलून पांच फूट उंचीवर नेऊन ठेवलें, कीं एका भयाच्या जागीं दुसरें येतें. दुमजली खाट ही मूळची मुलांची वस्तूच नव्हे. जहाजावरील खलाशी आणि छावणींतील शिपाई यांना थोड्या जागेंत निजवितां यावें, म्हणून ती निघाली. आमच्या मुलांस तिची गोडी लागली ती आगगाडींत. पूर्णा जंक्शनवर गाडी लागली कीं सर्वांत वरच्या फळीसाठीं भावंडांचें भांडण ठरलेलें. एका रात्रीचा प्रवास, खालीं आई जागी, डब्यांत मंद दिवा. तेथें तें शोभतें. वर्षाच्या दोन-अडीचशें रात्री एकट्यानें वर निजावयाचें, आणि अर्धवट झोंपेंत, अंधारांत, लघवीसाठीं खालीं उतरावयाचें, ही गोष्ट निराळी.

हें आम्ही केवळ वाचून लिहीत नाहीं. वीस वर्षांपूर्वीं, नोकरीच्या आरंभीं, एका वसतिगृहावर आम्ही पर्यवेक्षक होतों. तेथें नव्या लोखंडी दुमजली खाटा आल्या. त्या उतरवून घेतांना आम्हीं नग मोजले, रंग पाहिला, दर ताडून पाहिला आणि पावतीवर सही केली. वरच्या खाटेला कठडा म्हणून एक नळी होती. गादी घातल्यावर ती गादीच्या जेमतेम बोटभर वर राहिली. हें आमच्या डोळ्यांसमोर होतें आणि आम्हांस दिसलें नाहीं. पहिल्याच महिन्यांत एक मुलगा रात्रीं पडला व त्याचें मनगट मोडलें. "झोंपेंत फार लोळतो," असें आम्हीं त्याच्या वडिलांस सांगितलें, आणि त्यांनींही तें मान्य केलें.

पुढें एका रात्रीं, अकराच्या फेरीस, विजेरीच्या उजेडांत चौथींतल्या एका मुलाचा हात खाटेच्या नळीला पंच्यानें बांधलेला दिसला. मोठ्या मुलांची ही चेष्टा असावी असें समजून आम्ही रागावलों. गांठ सोडूं लागलों तेव्हां तो जागा झाला आणि हळूच म्हणाला, "मीच बांधलंय, सर. पडंन म्हनून." तो रोज रात्रीं बांधीत होता. नवा आणि सर्वांत लहान, म्हणून वरची खाट त्याच्या वांट्यास आली होती. खालच्या खाटा सातवी-आठवीच्या मुलांनीं पहिल्या दिवशींच पेट्या ठेवून धरल्या होत्या, आणि ती वांटणी आम्हीं चालूं दिली होती. त्या रात्रीं त्यास आमच्या खोलींत निजविलें. दुसऱ्या दिवशीं वेल्डर आणून सर्व खाटांस उंच कठडे लावून घेतले. त्यास लागलेला पैसा इतका थोडा होता कीं तो आकडा लिहावयास आम्हांस लाज वाटते.

नवें घर बांधणारानें गच्चीला कठडा करावा, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे. ती आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविली होती. ती गच्चीपुरतीच आहे अशी आमची समजूत होती.

त्यानंतर ह्या विषयावर जें हातीं लागलें तें आम्हीं वाचलें. अमेरिकेंत १९९९ सालीं तेथील ग्राहकसुरक्षा आयोगानें दुमजली खाटांचे सक्तीचे नियम केले. निजण्याची जागा जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर दोन्ही बाजूंस कठडा हवा, भिंतीकडेसुद्धां. तो गादीच्या पृष्ठभागापासून निदान ५ इंच वर यावा. कठड्यांत, किंवा कठडा व फळी यांच्यामध्यें, साडेतीन इंचांहून मोठी फट नसावी. आणि सहा वर्षांखालील मुलास वर निजवूं नये, हा इशारा खाटेवरच लिहिलेला असावा.

भिंतीच्या बाजूस कठडा कशाला, असें आमचे सुतारही विचारतात. खाट भिंतीस कितीही चिकटवून ठेवली तरी ती सरकते, फट पडते, आणि लोळणारें मूल त्या फटींत उतरतें. साडेतीन इंचांचा हिशेब तर अंगावर कांटा आणणारा आहे. लहान मुलाचें अंग पायांकडून ज्या फटींतून निसटतें, तींतून त्याचें डोकें निसटत नाहीं. मूल मानेवर लटकतें. पडलें तर बहुधा हात मोडतो. ह्या फटीनें जीव जातो. ज्यांच्याकडे मोजपट्टी नसेल त्यांच्यासाठीं आमचें माप सोपें आहे: फट मोठ्या माणसाच्या चार बोटांहून अधिक नको, आणि कठडा गादीच्या वर एक वीत तरी हवा. आयोगाच्या पांच इंचांवर आमचें समाधान होत नाहीं. त्या आयोगानें तो पंचा पाहिलेला नाहीं.

'गादीच्या वर' हे शब्द पालकांनीं नीट ध्यानांत घ्यावे. दुकानांत खाट उघडी असते आणि कठडा चांगला उंच दिसतो. घरीं आणल्यावर हौसेनें आठ इंची फोमची गादी तिच्यावर चढते व कठडा गादींतच बुडतो. वरच्या खाटेला पातळ गादीच उत्तम. मानवत-सेलूचा कापूस आपल्या दाराशीं आहे. पिंजाऱ्याकडून तीन इंची गादी भरून घ्यावी, महिन्यांतून दोनदां उन्हांत टाकावी. पाठीलाही तीच बरी. दुकानांत मोटारीच्या किंवा किल्ल्याच्या आकाराच्या रंगीत खाटाही मिळतात. मुलें त्यांवर भाळतात. परंतु किल्ल्याला खिडक्या असतात आणि खिडक्यांत डोकीं अडकतात, हें मुलांच्या आईबापांनीं आठवावें.

शिडी खाटेला पक्की जोडलेली असावी व तिच्या पायऱ्या सपाट असाव्या. गोल नळीवर अनवाणी पाऊल दुखतें आणि ओलें असेल तर घसरतें. गादीखालच्या फळ्या स्क्रूनें बसविलेल्या असाव्या, नुसत्या ठेवलेल्या नसाव्या. दोन मोठ्या माणसांनीं खाट धरून हलवावी; ती कुरकुरली तर घेऊं नये. लोखंडी खाटेच्या जोडांवर हात फिरवून वेल्डिंगचे कंगोरे पाहावे. नट-बोल्ट दर सत्राच्या आरंभीं आवळावे. लांकडी खाटेच्या सांध्यांत ढेंकूण होतात, आणि दुमजली खाटेंत ते दोन्ही मजले वसवितात. त्यांचा समाचार कसा घ्यावा तें आजीबाईंस विचारावें. वरच्या खाटेला ओढणी, दोरी किंवा पट्टा लोंबत ठेवूं नये. खालचीं मुलें त्याचा झोंका करतात व तो गळ्यांत अडकतो.

पंख्याची गोष्ट परदेशी नियमांत आम्हांस दिसली नाहीं. ती आपली आपणच सांभाळली पाहिजे. वरच्या खाटेवर उभ्या राहिलेल्या मुलाचा हात छताच्या पंख्याच्या पात्यांपर्यंत पोहोंचतो काय, हें दुकानांत कळत नाहीं, घरीं मोजूनच कळतें. पोहोंचत असेल तर खाट हलवावी, नाहीं तर पंखा भिंतीवर घ्यावा. तसेंच छपराचें. मे महिन्यांत परभणीस पारा ४२ अंशांपुढें जातो. पत्र्याखालीं वरची खाट म्हणजे भट्टीच. मुलाला घाम येतो, झोंप लागत नाहीं, आणि सकाळीं तें आळशी ठरतें. पत्र्याच्या खोलींत आम्ही वरची खाट सुचविणारच नाहीं. वसतिगृह चालविणारांसही येथें एक शब्द सांगतों. खाट दुमजली झाली म्हणून खोली दुमजली होत नाहीं. दहा मुलांच्या खोलींत वीस निजविलीं तरी खिडक्या तितक्याच, हवा तितकीच आणि शौचकूपही तितकेच.

आतां आमच्या मोठ्या विद्यार्थ्यांशीं थोडें. खालची खाट हा वडीलपणाचा मान आहे, असें तुम्हीं ठरविलें आहे. तें कोणी ठरवून दिलें नव्हतें. तुमचे पाय लांब, तुम्हांला अंधाराचें भय नाहीं, शिडी तुम्हांला दोन पावलांची. वर तुम्ही जा. आणि पुढील जूनमध्यें पांचवीचा नवा मुलगा पेटी घेऊन दारांत उभा राहील, तेव्हां भिंतीकडची खालची खाट त्याच्यासाठीं मोकळी ठेवा. तो कांहीं मागणार नाहीं. जो मागत नाहीं तो सुखी आहे असें समजण्याची चूक आम्हीं केली होती.

ह्या लेखाचें आम्हांस आणखी एक कारण आहे. दसऱ्या-दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यांतील कित्येक आईबाप ऊस तोडण्यास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहींत. अशांच्या मुलामुलींकरितां राज्य शासनानें २०२१ सालीं संत भगवानबाबांच्या नांवानें ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. योजना स्तुत्य आहे. मूल फडावर पाचटांत निजण्यापेक्षां छपराखालीं निजलेलें शतपट बरें. परंतु त्या मुलांची गादी उचलून पाहण्यास त्यांचे आईबाप पांच-सहा महिने येऊं शकत नाहींत. गांवांत जे शिक्षक आहेत, जे सुशिक्षित पालक आहेत, त्यांनीं आपल्या जवळच्या वसतिगृहांत एखाद्या रविवारीं जावें, पर्यवेक्षकांस नम्रपणें विचारून वरच्या खाटांचे कठडे मोजावे, आणि उणें आढळल्यास तसें लिहून द्यावें. पर्यवेक्षक रागावतील असें आम्हांस वाटत नाहीं. वीस वर्षांपूर्वीं कोणी येऊन मोजलें असतें तर आम्हीं त्याचे आभार मानले असते.

एक पोलादी मोजपट्टी आमच्या टेबलाच्या उजव्या खणांत असते. ज्यांस हवी असेल त्यांनीं ती मागून न्यावी, आणि काम झाल्यावर परत आणून द्यावी.