चौथा कोपरा जुळेना? पेटी विकत घ्यावी की घरी करावी?

मैत्रिणींनो, घरातली एखादी जिवाभावाची वस्तू फ्रेम करून भिंतीवर लावावी, असं तुमच्याही मनात कधीतरी आलं असेल. आमच्या घरी ती वस्तू म्हणजे हातभर लांबीचा काठ. आमचं खापा कन्हान नदीवरचं गाव, हातमागाच्या लुगड्यांसाठी जुन्या काळापासून ओळखलं जाणारं. सासूबाईंनी मागावर विणलेल्या शेवटच्या लुगड्याचा हा काठ आहे. आता त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही.

फ्रेम स्वतःच करायची, असं मी ठरवलं. पट्टीची टोकं ४५ अंशांत कापली की दोन टोकं मिळून काटकोन होतो. आता नागपूरकडच्या बायकांना ४५ अंश काय सांगायचे! पण उन्हाळ्यातला अंश इकडचा तिकडे झाला तर चालतो, लाकडातला चालत नाही. हिशेबच पाहा ना: चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप एकाच बाजूला अर्धा अंश चुकला, तर तीन कोपरे कसेबसे जुळतात आणि चौथ्यात चार अंशांची फट पडते.

हे काप नीट यावेत म्हणून करवतीला वाट दाखवणारी खाचांची पेटी मिळते. सुतार तिला मायटर बॉक्स म्हणतात. मी नागपुरातून प्लॅस्टिकची आणली. हलकी, स्वस्त, दिसायलाही छान. पण तिच्या खाचा कुठलीही करवत मावावी म्हणून रुंद ठेवलेल्या, त्यामुळे माझी बारीक करवत आत डुलायची. चौथ्या कोपऱ्यात फट पडलीच. मी लांबी भरली, वर रंग दिला आणि फ्रेम सासूबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि नेमक्या तिथेच थांबल्या. "हा कोपरा बोटाले लागून राह्यला वं."

मी पेटीला दोष दिला, तर म्हणाल्या, "फणी इकत घ्या लागे, पण माग ज्याच्या त्याच्या हाताले बसवा लागे."

माझ्या मते या विषयात एवढं एकच वाक्य पुरे. करवत विकत घ्या, आणि चांगली घ्या: बारीक दातांची, पाठीला लोखंडी पट्टी असलेली, म्हणजे पातं वाकत नाही. पेटी मात्र त्याच करवतीसाठी घरी करा.

सामान थोडंच लागतं. पाऊण इंच जाडीच्या, न वाकलेल्या सागवानाच्या किंवा चांगल्या प्लायच्या तीन फळ्या घ्या, प्रत्येकी १२ इंच लांब आणि ३ इंच रुंद. एक तळाला आणि दोन तिच्या दोन्ही कडांना उभ्या. फेव्हिकॉल लावून स्क्रू मारा. स्क्रू तळाच्या फळीतच, अगदी खाली जाऊ द्या, म्हणजे करवतीला लागणार नाहीत.

आता आखणी. पेटीची बाहेरून बाहेर रुंदी मोजा, ती साडेचार इंच भरेल. तेवढ्याच अंतरावर वरच्या कडांवर गुण्याने दोन आडव्या रेघा मारा. झाला चौरस! त्याचे दोन कर्ण म्हणजेच ४५ अंशांच्या दोन रेघा. कोनमापकाची गरजच नाही. प्रत्येक टोकापासून बाजूच्या फळ्यांवर गुण्याने उभी रेघ खाली आणा आणि तुमच्याच करवतीने, घाई न करता, तळापर्यंत खाच पाडा. खाच करवतीच्या जाडीइतकीच होते, म्हणून करवत डुलत नाही.

खरी पट्टी लगेच कापू नका हं! आधी रद्दी पट्टीची छोटी चौकट करून पाहा. चौथा कोपरा जुळला, तर पेटी पास. थोडीशी फट राहिली, तर पट्टी आणि पेटीची भिंत यांच्या मध्ये एका टोकाशी पोस्टकार्डाची चिंधी सरकवून पुन्हा कापून पाहा. कापताना पट्टीखाली एक रद्दी तुकडा ठेवला म्हणजे तळ खराब होत नाही. आणि समोरासमोरच्या पट्ट्या एकमेकींना लावून लांबी तपासा. त्या केसभर जरी कमीजास्त झाल्या, तरी कोन बरोबर असूनही चौकट तिरपी होते.

मग विकतची कुणी घ्यावी? ज्यांना एकदाच एक साधी चौकट करायची आहे, त्यांना प्लॅस्टिकची चालेल. ज्या फ्रेमा करून विकणार असतील, त्यांनी करवत जोडूनच येणारं लोखंडी साधन घ्यावं, पैसे वसूल होतात. लाकडी पेटीच्या खाचाही वापराने रुंदावतात. त्या सैल झाल्या की नवी पेटी करा, एका दुपारचं काम आहे.

काठ मात्र कधी चिकटवू नका. सुती कापड ताणून बसवलेल्या पुठ्ठ्यावर तो बारीक टाक्यांनी शिवा, काच त्याला टेकू देऊ नका आणि फ्रेम उन्हात टांगू नका.

आमची दुसरी फ्रेम तयार झाल्यावर सासूबाईंनी बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

"याच्यातला चौथा कोन्ता वं?"