गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या पाठीत काठी नको

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात कुत्रं हौसेपेक्षा राखणीसाठीच जास्त पाळलं जातं. ओझर, नारायणगाव, मंचर, कुठेही जा. उसाला लागून असलेल्या वस्तीवर गोठ्याच्या तोंडाशी एखादं कुत्रं साखळीला दिसतंच. बिबट्याची चाहूल माणसाआधी त्याला लागते. याच कुत्र्याबद्दलची तक्रारही ओळखीची असते: एरवी गरीब आहे, पण खाताना जवळ गेलं की अंगावर येतं. कुणाचं भाकरीवरून, कुणाचं हाडकावरून, कुणाचं नुसत्या चपलेवरून. त्यावरचा उपाय ठरलेला, पाठीत काठी. हा उपाय चुकीचा तर आहेच, घातकही आहे.

कुत्रं डोक्यावर बसलंय, मालक कोण ते त्याला दाखवलंच पाहिजे, अशी समजूत पक्की आहे. तिला एकेकाळी शास्त्राचाही टेकू होता. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये कोंडलेल्या लांडग्यांवरून कळपातल्या वर्चस्वाची मांडणी केली. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. पण रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर खुद्द मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. ताटलीवर गुरगुरणाऱ्या कुत्र्यालाही घराची सत्ता नको असते. समोरचा घास जाईल, ही भीती त्याला असते.

ती भीती आधी अंगात दिसते. चघळणं थांबतं, मान ताटलीवर तशीच राहते, अंग ताठ होतं, डोळा तिरका होऊन पांढरं बुबुळाबाहेर दिसतं. मग गुरगुर. ही गुरगुर म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना आहे. मारून ती बंद करता येते, भीती मात्र आत तशीच राहते. असं कुत्रं पुढे आवाज न करता चावतं.

मग करायचं काय? हिसकावणं थांबवायचं आणि बदल्यात द्यायचं. कुत्रं खात असताना ते ताठरणार नाही इतक्या अंतरावर उभं राहावं, भाकरीपेक्षा आवडीचं काही, उकडलेल्या अंड्याचा तुकडा म्हणा, त्याच्याकडे टाकावं आणि निघून जावं. माणूस जवळ आला की काही जात नाही, उलट मिळतं, हे त्याला रोज कळू द्यावं. अंतर हळूहळू कमी करावं. याला कित्येक आठवडे लागतात. खाताना ताटलीत हात घालून ‘सवय लावणं’ साफ चूक. शांत कुत्रं अचानक असं वागू लागलं, तर दात, कान किंवा दुखापत पाहायला आधी पशुवैद्यांकडे न्यावं. आधीच कुणाला चावलं असेल, तर घरच्या घरी प्रयोग नकोत.

साखळीचा विचारही व्हायला हवा. बांधलेल्याला दूर सरकायची सोयच नसते. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवणं हे मालकाचं कर्तव्य आहे, असं १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो. आपल्या भागात याला बिबट्याचीही बाजू आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्याच्या एकूण वजनात पाळीव कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. म्हणून ताटली उघड्या अंगणात नको. ठरलेल्या वेळी, चार भिंतींच्या आत, पोरांच्या वाटेबाहेर वाढावं. उष्टं लगेच उचलावं, पण कुत्रं तिथून हलल्यावर. रात्रीही त्याला बंदिस्त जागाच द्यावी. राखण करणाऱ्या जिवाला एवढं मिळायलाच हवं.

पोरांना एकच सांगावं: कुत्रं खात असताना, हाडूक चघळताना, झोपलेलं असताना त्याच्याजवळ जायचं नाही. आणि दात लागलाच, तर घरचं कुत्रं आहे म्हणून हळद-चुन्यावर भागवू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि लशीचे सगळे डोस पुरे करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.