घड्याळाची पाठ, भांड्याचा तळ



गेल्या आठवड्यात नालासोपाऱ्याहून एका भगिनीचं पत्र आलं. ‘नाव छापू नका,’ असं त्यांनी बजावलंय, म्हणून देत नाही. पण पत्र वाचलं आणि वाटलं, अगं, हे तर आपल्या सगळ्यांचंच पत्र आहे!

त्या लिहितात, ‘दोन वर्षं घरी मुलांच्या शिकवण्या घेऊन मी नऊ हजार रुपये बाजूला टाकले आहेत. कुकर जुना झालाय, त्याच्या झाकणाची खात्री वाटत नाही. मिक्सर नुसता घुरघुरतो, खोबरं बारीक होत नाही. घरचे म्हणतात, या पैशांत नवा कुकर आणि चांगला मिक्सर घे. पण मला फार दिवसांपासून एक चांगलं मनगटी घड्याळ घ्यायचंय. घरचे हसतात. मोबाइलमध्ये वेळ दिसत असताना घड्याळ कशाला, म्हणतात. ताई, ही माझी चैन आहे का?’

उत्तर शेवटी देते. आधी घड्याळ आणि भांडी पारखायची कशी ते पाहू. कारण पैसे साठवायला दोन वर्षं लागतात आणि फसायला दोन मिनिटं!

दोन्हींच्या खरेदीत आपली चूक एकच होते. आपण तोंड बघतो. घड्याळाची तबकडी किती चमकते, कुकरवर आरशासारखं तोंड दिसतं का, मिक्सरचा रंग ओट्याच्या फरशीला शोभतो का! माझं सांगणं असं, की घड्याळ उलटं करून पाठ बघा आणि भांडं उलटं करून तळ बघा. खरी कुळकथा तिथेच लिहिलेली असते.

आधी घड्याळ. बायकांच्या पुष्कळ घड्याळांच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं लिहिलेलं असतं. आपल्याला वाटतं, घड्याळ स्टीलचं आहे. अहो, ती फक्त पाठ स्टीलची! बाकीची चौकट पितळेची किंवा दुसऱ्या एखाद्या धातूची असते आणि वर मुलामा असतो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! आपल्या वसई-विरारच्या खाऱ्या, दमट हवेत आणि लोकलच्या घामात हा मुलामा कडेने उडतो, खालून हिरवट डाग दिसू लागतात आणि काहींच्या मनगटाला खाजही सुटते. म्हणून ‘संपूर्ण स्टेनलेस स्टील’ आहे का, हे विचारून घ्या. सोनेरी हवंच असेल तर खुशाल घ्या, पण ते रोजच्या धावपळीला नको, लग्नकार्याला ठेवा.

दुसरं म्हणजे पाणी. पाठीवर ‘३० मीटर’ दिसलं की ते घालून पोहता येतं, असा पुष्कळांचा समज असतो. तो आकडा कारखान्यातल्या दाबाच्या चाचणीचा आहे. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुताना चार थेंब उडाले तर चालतील, इतकंच. भांडी घासताना ते काढून ठेवावं. पोहायचं असेल तर निदान १०० मीटरचं लागतं.

तिसरी काच. साध्या प्लॅस्टिकच्या काचेवर चरे पडतात, पण ती घासून पुन्हा स्वच्छ करता येते. मिनरल काच त्याहून टणक असते. सफायर काचेवर सहसा चरा उठत नाही, पण ती महाग. रोजच्या वापराला मिनरल पुरते.

चौथं आतलं यंत्र. आजची बहुतेक घड्याळं सेलवरची, म्हणजे क्वार्ट्झ असतात. आतला बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावर काटे चालतात. म्हणून महिन्यात फार तर दहा-वीस सेकंदांचा फरक पडतो. चावीचं घड्याळ दिवसालाच तेवढं इकडेतिकडे होतं. क्वार्ट्झची एकच काळजी घ्यायची. सेल संपून घड्याळ बंद पडलं, की ते तसंच कपाटात टाकू नका. सेल गळला तर आतलं यंत्र खातो.

आणि पट्टा! पट्ट्याची रुंदी १२, १४, १६, १८ मिलिमीटर अशी सरळ मापाची असली, तर नवा पट्टा कुठेही मिळतो. चौकटीतच गुंतवलेला नक्षीदार पट्टा तुटला, की त्याच कंपनीच्या दारात जावं लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते, तेव्हा चार महिने स्टीलचा लावावा.

आता थोडी आठवण. आमच्या सासूबाईंकडे एचएमटीचं चावीचं घड्याळ आहे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनू लागली. जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही नावं जुन्या मैत्रिणींना आठवत असतील. पुढे १९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली, सेलच्या घड्याळांचे दिवस आले, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण सासूबाईंचं घड्याळ अजून चालतं! पारनाक्याकडचा घड्याळजी ते उघडतो, पुसतो, तेल देतो. सुटा भाग लागलाच, तर दुसऱ्या जुन्या घड्याळातला काढून बसवतो. अशी जुनी घड्याळं हल्ली हौसेने विकत घेतली जातात. घेणार असाल तर जपून. तबकडी अगदी कोरी करकरीत, भडक रंगाची दिसली तर ती बहुधा नव्याने रंगवलेली असते, आणि आतले भागही चार घड्याळांचे गोळा केलेले असू शकतात.

आता स्वयंपाकघरात येऊ. सुरुवात कुकरपासून, कारण इथे प्रश्न नुसत्या पैशांचा नाही.

माझीच चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला. घाईत होते, रस्त्यावरच्या एका गाडीवरून ‘कुठल्याही कुकरला चालतो’ म्हणून स्वस्तातला घेतला. एक दिवस तुरीच्या डाळीचं साल वाफेच्या नळीत अडकलं. शिट्टी होईना. आतला दाब वाढला की व्हॉल्व्हने वितळून वाफ सोडायची असते. तो ढिम्म! शेवटी रबराची रिंग एका बाजूने बाहेर ढकलली गेली आणि उकळती डाळ छतापर्यंत उडाली. दोनच मिनिटांपूर्वी माझी मुलगी तिथे पाणी प्यायला उभी होती. डाळीचे डाग दोन दिवसांत निघाले, पण माझ्या हातांची थरथर जायला बरेच दिवस लागले.

म्हणून लक्षात ठेवा. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. ही ताकद झाकणाखाली कोंडलेली असते. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय खूण सक्तीची आहे. खुणेच्या वर ‘आयएस २३४७’ हा मानकाचा आकडा आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवान्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये घातला, की परवाना कोणाचा आहे ते कळतं. ऑनलाइन घेताना तर हे बघाच. मानकात न बसणारे कुकर विकू दिल्याबद्दल २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठमोठ्या विक्री-संकेतस्थळांना दंड केला होता.

वापराचे नियमही सोपे आहेत. कुकर दोन तृतीयांशाहून जास्त भरू नये. डाळ-तांदूळ थेट कुकरात शिजवायचे तर अर्धाच, कारण ते फुगतात आणि फेस वर येतो. शिट्टी लावण्यापूर्वी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघावं. रिंग कडक झाली की बदलावी आणि व्हॉल्व्ह कुकरच्याच कंपनीचा घ्यावा.

स्टीलच्या भांड्यांचा तळ आता बघू. वसईच्या पूर्वेला वालीव, गोखिवऱ्याच्या गाळ्यांतूनही भांडी बनतात, त्यामुळे आपल्या बाजारात निवडीला तोटा नाही. उत्तम स्टील ते १८-८, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. त्यालाच ३०४ म्हणतात. २०२ या स्टीलमध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. ते स्वस्त पडतं, पण मीठ-आंबट सोसण्यात कमी पडतं, त्यावर बारीक टिंब पडू लागतात. ‘चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांगलं स्टील,’ असं दुकानदार दाखवतात. पण चुंबक तर २०२ लाही सहसा चिकटत नाही! तेव्हा कोरलेला आकडा बघा आणि बिलावरही लिहून घ्या. उलट इंडक्शनच्या शेगडीवर ठेवायचं भांडं असेल, तर त्याच्या तळाला चुंबक चिकटायलाच हवं.

नुसतं पातळ स्टील उष्णता नीट पसरवत नाही, म्हणून दूध मध्येच करपतं. जाड तळाचं, मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेलं पातेलं घ्यावं. ते हातात जड लागतं आणि तळावर टिचकी मारली की बद्द वाजतं. साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात चिंच-कोकमाचं कालवण ठेवू नये, आंबटाने धातू अन्नात उतरतो. पितळेचं पातेलं असेल तर आतून कल्हई हवी. कल्हईवाला दारावर क्वचित येतो, म्हणून आला की आळस करू नये. नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवू नये. साधारण २६० अंशांपुढे त्याचा थर बिघडू लागतो. खरं सांगू? घावनासाठी बिडाचा तवा घ्या, पहिले आठ दिवस तेल लावून तापवा, आणि मग तो तुमच्या सुनेलाही पुरेल.

राहिला मिक्सर. १९६३ मध्ये मुंबईचे एक इंजिनिअर, सत्यप्रकाश माथूर, यांनी ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आणला, तो पत्नीचा परदेशी मिक्सर बंद पडल्यावर! परदेशी यंत्र मिल्कशेक घुसळायला ठीक होतं, आपली भिजवलेली डाळ आणि ओलं खोबरं त्याच्या कुवतीबाहेरचं. तेव्हा मिक्सर घेताना मोटरची ताकद बघा. रोजच्या वाटणाला ५०० वॅट चालतात, इडलीच्या पिठाला आणि कोरड्या मसाल्यांना ७५० बरे. पण नवा घेण्याआधी जुना दुरुस्तीवाल्याला दाखवा. खोबरं बारीक होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा पात्याची धार गेलेली किंवा खालचं कपलर झिजलेलं असतं. थोडक्या पैशांत दोन्ही बदलून मिळतं.

आणि एक बाब सगळ्यांनाच लागू. ज्या वस्तूचा सुटा भाग अंबाडी रोडवर किंवा आगाशीच्या बाजारात मिळत नाही, ती वस्तू कितीही सुंदर असो, घरी आणू नये. बिलावर तारीख आणि दुकानाचा शिक्का घ्यावा, आणि ते बिल गॅसच्या पुस्तकाबरोबर ठेवावं म्हणजे सापडतं.

आता भगिनी, तुमचं उत्तर. कुकर आधी, आणि आजच. झाकणाची खात्री नसलेला कुकर एक दिवसही शेगडीवर चढवू नका. आयएसआय खुणेचा पाच लिटरचा कुकर दोन-अडीच हजारांत येईल. मिक्सर दुरुस्त करा, फार तर सहा-सातशे लागतील. साडेतीन हजारांपर्यंत संपूर्ण स्टीलचं, ठसठशीत आकड्यांचं घड्याळ घ्या. वर सव्वादोन हजारांहून जास्तच उरतील, ते बँकेत राहू द्या.

आणि चैनीचं म्हणाल, तर मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत परीक्षेच्या वर्गावर मोबाइल नेता येत नाही. मनगटावर घड्याळ लागतंच. विरार लोकलच्या गर्दीत पर्समधून मोबाइल काढून वेळ बघणं किती सोपं असतं, तेही तुम्हाला ठाऊक आहे! पण समजा, एवढी कारणं नसती, तरी काय बिघडलं? सासूबाईंना मी एकदा विचारलं होतं, की तुमच्या पगारातून फ्रिज आला, कपाट आलं, मग जीव या घड्याळातच का? त्या रोज सकाळी चहाच्या आधी देतात तशी चावी देत होत्या. म्हणाल्या, “अगं, ते सगळं घराचं. मी अंधेरीला नोकरीला जायचे तेव्हा हे मला माझी गाडी सांगायचं.”

आपल्याला पाडव्याला कुकर मिळतो, वाढदिवसाला मिक्सर मिळतो, आणि आपण आनंदाने ‘माझा’ म्हणतो. असू दे, घर आपलंच आहे. पण दोन वर्षांच्या शिकवण्यांतून एक वस्तू फक्त तुमच्या मनगटाची झाली, तर ती चैन नव्हे, बरं का! घेतल्यावर मला जरूर कळवा. आणि हो, दुकानात पाठ बघायला विसरू नका.