सीडी हरवली म्हणून हक्क हरवत नाही

आदिलाबाद जिल्ह्यातल्या नार्नूरसारख्या मंडलाच्या गावी संगणक ही चैन राहिलेली नाही. मराठी, गोंडी, तेलुगू, बंजारा बोलणाऱ्या इथल्या माणसांचे दाखले आणि परीक्षांचे फॉर्म याच यंत्रांवरून भरले जातात. यंत्र जुने असते, कधी तरी हार्डडिस्क बसते आणि विंडोज नव्याने टाकायची वेळ येते. सोबत आलेली सीडी तोवर गहाळ झालेली असते. अशा वेळी मालकाला दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे नवी प्रत विकत घ्या. दुसरा म्हणजे कुठली तरी सीडी लावून विंडोज मारून घ्या. हे दोन्ही सल्ले चूक आहेत. एकदा रीतसर पैसे मोजून मिळवलेला वापराचा हक्क सीडीबरोबर हरवत नाही, आणि त्या हक्कापुरते साधन पुन्हा पुरवणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे.

पहिल्या सल्ल्यामागचा पूर्वपक्ष असा: सीडी ही वस्तू आहे, ती सांभाळणे ग्राहकाचे काम, हरवली तर भुर्दंड त्याचाच. या म्हणण्याला वरवर आधारही आहे. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली सांगितले की सीडीवर भरून बाजारात आणलेले तयार सॉफ्टवेअर हा माल आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. आदिलाबाद तेव्हा आंध्र प्रदेशातच होते. पण माल म्हणून विकायचे असेल, तर मालकाने तो कोणाला द्यावा, कोणत्या यंत्रावर चालवावा, हे सांगण्याचा अधिकार विक्रेता कुठून आणतो? परवान्याच्या कागदावर तो लिहितो की आम्ही सॉफ्टवेअर विकत नाही, केवळ वापरू देतो. वापराची परवानगीच विकली असेल, तर सीडी हे ती पोचवण्याचे निव्वळ साधन ठरते. निर्बंध घालताना परवाना आणि सीडी हरवल्यावर माल, अशा दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही. पट्टादार पासबुक हरवले म्हणून शेत जात नाही. दुय्यम प्रत मागता येते.

यावर आक्षेप येतो की असे केले तर लोक हरवल्याचे सांगून सीड्या उकळतील आणि चोरी वाढेल. परंतु 2001 च्या विंडोज एक्सपीपासून नुसत्या सीडीने काम भागत नाही. पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की लागते आणि ॲक्टिव्हेशन करावे लागते. कॅबिनेटच्या बाजूला किंवा लॅपटॉपच्या पोटाशी चिकटवलेल्या स्टिकरवर पाच-पाच अक्षरांच्या गटांत छापलेली ती की हाच परवान्याचा व्यवहारातला पुरावा होता. विंडोज 8 पासून ब्रँडेड यंत्रांत ती मदरबोर्डवरच साठवली जाऊ लागली. विंडोज 10 आणि 11 ची स्थापना-प्रत तर मायक्रोसॉफ्ट आपल्या संकेतस्थळावरून फुकट देते. 8 जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. सीडीला स्वतंत्र मोल नाही, हे कंपनीने कृतीनेच मान्य केले आहे. मग प्रश्न उरला कुठे, असे कोणी विचारेल. तो जुन्या यंत्रांपाशी उरला आहे. विंडोज 7 साठी अशी सोय होती तेव्हाही यंत्रासोबत आलेली की तिथे चालत नसे; संगणक बनवणाऱ्याकडे जा, असे उत्तर मिळे. शिवाय काही जीबींची फाइल उतरवणे गावच्या नेटवर सोपे नसते.

दुसरा सल्ला देणारे म्हणतात की पैसे एकदा दिले, आता प्रत कुठूनही आणली तरी बिघडले काय? बिघडते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 रीतसर प्रत बाळगणाऱ्याला बॅकअप घेऊ देते, पण तो त्याच प्रतीवरून. बाजारातली सीडी त्यात बसत नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम 63ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तरच कैद टाळण्याची मुभा न्यायालयाला आहे. शिवाय अनोळखी प्रतीत व्हायरस दडलेला असला, तर ज्यांचे आधार क्रमांक त्या यंत्रावर टाइप होतात त्या गिऱ्हाइकांचे नुकसान होते. अमेरिकेत एरिक लुंडग्रेन यांनी जुने संगणक पुन्हा वापरात यावेत म्हणून सुमारे 28,000 रिस्टोअर सीड्या बनवून घेतल्या. त्यांना पंधरा महिन्यांची कैद झाली आणि 2018 साली अपिलातही ती कायम राहिली. हेतू दुरुस्तीचा होता, तरी विनापरवाना प्रतींना न्यायालयाने अभय दिले नाही.

खरी उणीव आपल्या कायद्याच्या त्या एका अटीत आहे. बॅकअप हातातल्या प्रतीवरून घेता येतो. प्रतच हरवली तर कलम मुके होते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2016 साली लॅटव्हियातून आलेल्या मायक्रोसॉफ्टसंबंधीच्या प्रकरणात यावर समतोल मार्ग काढला. मूळ सीडी गेल्यावर बॅकअपची प्रत दुसऱ्याला विकता येणार नाही. पण ज्याच्याकडे अमर्याद परवाना आहे, त्याला हक्कधारकाच्या संकेतस्थळावरून प्रत उतरवून घेता आली पाहिजे. भारतानेही हेच लिहून ठेवावे. बिल किंवा की दाखवणाऱ्याला, यंत्र कितीही जुने असो, केवळ साधनाच्या खर्चात स्थापना-प्रत मिळावी, आणि ती देण्याची जबाबदारी सॉफ्टवेअर कंपनीने संगणक बनवणाऱ्यावर किंवा त्याने कंपनीवर ढकलू नये. केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी 2022 मध्ये पोर्टल सुरू केले. त्या हक्कात सुटे भाग आणि माहितीपुस्तिका येतात, तर ज्यावाचून यंत्र सुरूच होत नाही ती प्रणालीही आली पाहिजे. प्रामाणिक ग्राहकाला रीतसर वाट मिळाली, तरच बेकायदा प्रतीला नाही म्हणा, असे त्याला सांगण्याचा नैतिक अधिकार कंपन्यांना आणि सरकारला राहील.