फॉरमॅट झाला, पण पुसला गेला का?

भिलाईच्या सेक्टरांमध्ये निवृत्ती जवळ आली की घरात आवराआवर सुरू होते. पोलाद कारखान्याचे क्वार्टर सोडावयाचे असते. कूलर, कपाट, सायकल यांना नवा धनी शोधला जातो आणि पुण्याला नोकरीस गेलेल्या मुलाचा मागे राहिलेला लॅपटॉपही कोणाला तरी दिला जातो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपल्यामुळे अशा जुन्या यंत्रांचे काय करावे, हा प्रश्न आता अनेक घरांपुढे आहे.

लॅपटॉप देण्यापूर्वी दुरुस्तीच्या दुकानात नेऊन 'फॉरमॅट मारून' घेतला की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज धोक्याचा आहे. आपल्याकडे डिस्कचे 'सी' आणि 'डी' असे भाग पाडण्याची पद्धत रूढ आहे. विंडोज 'सी'मध्ये, आणि घरची कागदपत्रे 'डी'मध्ये! नव्याने विंडोज बसविताना कारागीर बहुधा 'सी' तेवढी साफ करतो. 'डी'मधील माहिती वाचावी म्हणूनच तो तसे करतो, त्यात त्याचा दोष नाही. मात्र यंत्र परक्याच्या हाती जाणार असेल, तर पॅन कार्डाची प्रत, फॉर्म १६, भविष्यनिर्वाह निधीचा तपशील आणि खात्यांचे उतारे त्याच्याबरोबर जातात.

समजा, 'डी'सुद्धा काढून टाकली. तरीही माहिती पुसली जातेच असे नाही. भंगार पोलाद कन्व्हर्टरमध्ये पडले की त्याचा पूर्वीचा आकार उरत नाही. डिस्कचे तसे नाही. विभाग रद्द करणे किंवा झटपट फॉरमॅट करणे म्हणजे खतावणीची अनुक्रमणिका फाडणे होय. पाने जागच्या जागी असतात, आणि ती वाचणारी साधने सहज मिळतात. अमेरिकेतील एमआयटीच्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या व २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या. एक डिस्क तर एटीएम यंत्रातील असावी असे दिसून आले, आणि तिच्यावरील आर्थिक माहिती तशीच होती. मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. मॉर्गन स्टॅन्लीच्या एका उपकंपनीने जुनी यंत्रे काढण्याचे काम अननुभवी वाहतूक कंपनीस दिले. ग्राहकांची माहिती असलेली काही यंत्रे पुढे लिलावात विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिला ३.५ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला.

चेकबुकाची उरलेली पाने न चुकता फाडणारा ग्राहक डिस्कच्या बाबतीत मात्र निश्चिंत असतो. बँकांचा वाटाही यात आहेच. ओटीपी कोणास सांगू नये हे त्या रोज बजावतात, पण जुन्या डिस्कविषयी क्वचितच बोलतात.

वास्तविक काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. प्रथम हवी ती माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती दोनदा उघडून पाहावी आणि मग ती डिस्क लॅपटॉपपासून वेगळी करावी. ती जोडलेली राहिल्यास तीही पुसली जाण्याची भीती असते. त्यानंतर विंडोज १० किंवा ११ च्या सेटिंगमधील 'रिसेट' या सोयीत सर्व काही काढून टाकण्याचा पर्याय घ्यावा, आणि तेथे 'सर्व ड्राइव्ह' व 'माहिती साफ करा' या दोन्ही गोष्टी आवर्जून निवडाव्यात. जाणकारांना 'डिस्कपार्ट'मधील 'क्लीन ऑल' ही आज्ञा उपलब्ध आहे. नुसते 'क्लीन' म्हटल्यास विभागांची नोंद तेवढी जाते. 'ऑल' जोडल्यावर प्रत्येक जागी शून्य लिहिले जाते. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला यासाठी दोन-तीन तास सहज लागतात. नवे विभाग पाडावयाचे ते यानंतर. (आणि 'डी' वेगळी ठेवली म्हणजे माहिती सुरक्षित, हाही भ्रमच! डिस्क बिघडली की दोन्ही विभाग एकदमच जातात.)

एसएसडी असेल तर शून्य लिहिण्यावर विसंबू नये. तिच्यातील नियंत्रक लेखन परस्पर दुसऱ्या जागी वळवितो, त्यामुळे जुनी माहिती कोपऱ्यात राहू शकते. तेथे उत्पादकाने दिलेली 'सिक्युअर इरेज' सोय वापरावी.

पूर्ण बंद पडलेल्या डिस्कवर यांतील काहीच चालत नाही. ती काढून घ्यावी, तिच्या चकत्या निकामी कराव्यात आणि मगच ती ई-कचऱ्यात द्यावी. लॅपटॉपच्या डिस्कमधील चकत्या बहुधा काचेच्या असतात, तेव्हा छिद्र पाडणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा लावावा. डिस्कविना लॅपटॉप विकल्यास किंमत थोडी कमी येईल, इतकेच.